खंडेनवमीचा कीबोर्ड

बेळगावच्या हाडांच्या डॉक्टरांनी माधवीचं उजवं मनगट वाकवून, दाबून, बोटांच्या टोकांना टिचक्या मारून पाहिलं आणि शेवटी विचारलं, "काम काय करता?" ती तोंड उघडते तोवर शेजारच्या खुर्चीवरून तिचा नवरा युवराज म्हणाला, "कॉम्प्युटर." डॉक्टरांनी मान हलवली. शीर दबलीय म्हणाले, या हाताला विश्रांती द्या म्हणाले, नाही दिली तर पुढची भेट ऑपरेशनच्या टेबलावर, आणि मग टायपिंग विसरायचं. शेवटचं माधवीने पुन्हा एकदा विचारून घेतलं.

युवराजनेही सगळं नीट ऐकलं. ऐकण्यात तो कधी कमी पडायचा नाही. फक्त कानातून शिरलेली गोष्ट डोक्यात पोचेपर्यंत तिचं काहीतरी यंत्र होऊन जायचं. मोटरसायकलवरून हिंडलगा मागं पडलं, सुळगा मागं पडलं. आपल्या उचगावच्या वेशीजवळ त्याने गाडी हळू केली आणि मान वळवून म्हणाला, "तुझ्या हाताला काय झालेलं न्हाय. दोष त्या कीबोर्डात हाय."

"डॉक्टर इसावा द्या म्हणालेत," माधवी मागून म्हणाली.

"मी बी तेच म्हणालोय. इसावा देणारा कीबोर्ड करायचा. घरात, आपल्या हातानं."

आता माधवीचं काम काय ते सांगायला हवं. परदेशातले डॉक्टर रोगी तपासून झाला की यंत्रात बोलून ठेवायचे. बेंगळूरची एक कंपनी ते बोलणं माधवीकडे पाठवायची, आणि ती कानाला हेडफोन लावून ते टाइप करून परत धाडायची. आपली बीएस्सी झालेली सून घरबसल्या परमुलखातल्या लोकांच्या किडन्या आणि गुडघे लिहून देते, याचं सासऱ्यांना, जोतिबांना, फार कौतुक. गावात सांगताना ते तिला अर्धी डॉक्टर करून टाकायचे. सासू बाळाबाई यांनाही कौतुक असावं, पण त्यांनी ते कधी तोंडावाटे बाहेर पडू दिलं नव्हतं. माधवीला मात्र त्या कामाचं अप्रूप निराळंच होतं. दुपारी मधल्या खोलीचं दार लोटून हेडफोन चढवला की घरातली एकही हाक तिला ऐकू यायची नाही. लग्नानंतर स्वतःचं म्हणून तिच्या वाट्याला आलं होतं ते एवढंच. आणि ते टिकणार की जाणार, हे आता एका मनगटावर येऊन ठेपलं होतं.

ते मनगट बाकीच्या वेळात काय करत असतं, हे कुणी विचारलं नव्हतं. सकाळी ते भाकऱ्या थापायचं. मग गोधड्या पिळायचं, परातीत कणीक मळायचं, पाट्यावर चटणी वाटायचं, कारण मिक्सरमधली चटणी जोतिबांच्या घशाखाली उतरत नसे. संध्याकाळी पुन्हा भाकऱ्या. पण याला घरात काम म्हणत नसत. काम म्हणजे कॉम्प्युटर.

युवराज उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपात सुपरवायझर होता. माणूस प्रेमळ, निर्व्यसनी, फक्त वस्तू नीट चालत असली तरी ती उघडून पाहायची खोड. पाण्याची टाकी भरली की वाजावी म्हणून त्याने एक घंटी बसवली होती. ती टाकी भरल्यावर वाजली नाही कधी, पण मोबाइल वाजला की वाजायची, आणि घरातले सगळे उगीच मोटार बंद करायला धावायचे. अशा माणसाला बायकोच्या दुखण्याने एक रीतसर कारणच दिलं. त्याने रात्री जेवताना मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून व्हिडिओ पाहायला सुरुवात केली आणि दुसऱ्या दिवशीपासून घरात नवीन शब्द फिरू लागले.

कुरियरची खोकी आली. त्यात मूठमूठ स्विच, तांदळाएवढे डायोड, बोटभर लांबीचा एक बोर्ड आणि तांब्याची बारीक तार. बाळाबाईंनी तो संसार पाहिला आणि विचारलं, "इकत मिळत न्हाय व्हय रं ह्ये?"

"मिळतंय की. पर इकतचा कुणाच्या बी हाताचा असतोय, आये. ह्यो तुझ्या सुनेच्या हाताचा असणार."

माधवी चुलीपाशी होती, तिथं तिला हे ऐकू गेलं. खरं सांगायचं तर तिला ते फार आवडलं. आपल्या हाताचं माप घेऊन आजवर बांगडीवाल्याखेरीज कुणी काही केलं नव्हतं. त्या एका वाक्याच्या भांडवलावर तिने पुढचे कितीतरी आठवडे ढकलले.

आणि ढकलण्यासारखं पुष्कळ होतं. कीबोर्डाला तळव्याचा आकार यावा म्हणून साचा पाहिजे होता. गणपतीचे दिवस जवळ आले होते, तेव्हा युवराजने मूर्तिकाराकडून शाडू आणला आणि परातीत ओतून म्हणाला, "जरा मळून दे. पुरणपोळीच्या कणकेगत मऊ पायजे." माधवीने शाडू मळला. मग त्यात दोन्ही तळवे दाबून धरले. मनगटातून कळ निघाली आणि कोपरापर्यंत गेली, तेव्हा तिचा चेहरा बदलला. युवराजने ते लगेच ओळखलं. "बघ," तो मायेनं म्हणाला, "ह्याच दुखण्यापायी चाललंय सगळं." साचा पहिल्यांदा तडकला, म्हणून शाडू पुन्हा मळावा लागला.

प्लायवूडच्या दोन फळ्या कापून झाल्या. एक डाव्या हाताची, एक उजव्या. त्यांना भोकं पाडून एकेक स्विच बसवला. मग तारा. प्रत्येक स्विचला दोन पाय. एक पाय डायोड लावून आडव्या ओळीत जोडायचा, दुसरा तारेने उभ्या ओळीत. बाजेची सुतळी विणावी तसं ते काम. सोल्डरिंगचा धूर घरभर. जोतिबा खोकायचे, पण वैज्ञानिक धूर म्हणून तक्रार करायचे नाहीत. बघायला माणसं यायला लागली, माणसं आली म्हणून चहा व्हायला लागला, आणि चहाच्या कपबश्या आपोआप धुतल्या जात नाहीत हे घरात एकाच बाईला माहीत होतं.

पहिली अडचण जोतिबांनी काढली. दोन फळ्या शेजारी शेजारी ठेवलेल्या पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"दोन का केलास रं?"

"खांदे मोकळे ऱ्हातात, आप्पा. हात जवळ आणावे लागत न्हाईत."

"आमच्या घरात आजवर वाटणी झालेली न्हाय," जोतिबा म्हणाले आणि घरामागच्या परड्यात निघून गेले. एवढ्यावर थांबले असते तर गोष्ट वेगळी. पण त्यांनी ही खंत मारुतीच्या पारावर मोकळी केली. पाराने आपल्या रिवाजाप्रमाणे त्यात थोडी भर घातली. दोन दिवसांनी गोव्यात नोकरीला असलेल्या थोरल्या मुलाचा घाबराघुबरा फोन आला, की वाटणी करताय ते बरंच झालं, पण विहिरीकडचा तुकडा कुणाला दिला. त्याला कीबोर्ड समजावून सांगण्यात युवराजची एक पूर्ण संध्याकाळ गेली, आणि त्याचा विश्वास काही बसला नाही.

दुसरी अडचण आण्णाप्पांनी काढली. आण्णाप्पा हे गावातल्या तरुण मंडळाचे अध्यक्ष. त्यांचं तारुण्य संपून बराच काळ लोटला होता, पण अध्यक्षपद संपलं नव्हतं. ते चहा पिता पिता म्हणाले, "युवराज, बटणांवर अक्षरं कुठली घालणार?"

"अजून ठरवलं न्हाय."

"ठरवायचं काय त्यात? मराठी. सीमाभागात पहिला हातानं केलेला कीबोर्ड, आणि त्येच्यावर मराठी नसंल तर आमी आजवर लढलो कशाला?"

बाहेरच्या सोप्यात बसलेल्या दुसऱ्या एका गृहस्थांनी हळूच शंका काढली, की नुसतं मराठी घातलं तर उद्या कुणीतरी दारात येऊन कन्नड कुठाय म्हणून विचारील, आणि मोठ्या अक्षरात कन्नड वर पाहिजे असा दुकानांच्या पाट्यांना नियम आहे तो घरातल्या वस्तूंना लागतो की नाही हे आधी बघितलं पाहिजे. यावर जो वाद पेटला तो आठवडाभर चालला. एकजण तर अर्धी बटणं या भाषेत आणि अर्धी त्या भाषेत घाला, दोन फळ्या आहेतच, असं म्हणून बसला, आणि जोतिबा पुन्हा परड्यात गेले. माधवी दिवसभर इंग्रजी टाइप करते, हे कुणाच्या लक्षात नव्हतं. तिला तर कुणी विचारलंच नाही.

शेवटी युवराजने बटणं कोरीच ठेवली. एकावरही अक्षर नाही. आण्णाप्पांनी ती पांढरीफटक बटणं पाहिली, दोन मिनिटं विचार केला आणि खूश होऊन म्हणाले, "बेस केलास. ह्यो निषेध हाय." ज्यांना पाट्यांची काळजी होती त्यांचीही मिटली, कारण उतरवायला काही नव्हतंच. माधवी तशीही बटणांकडे न पाहता टाइप करायची. त्यामुळे या एका वादात नकळत तिचा फायदा झाला.

पहिल्या दिवशी कीबोर्डाने थोडे रंग दाखवले. कुठला तरी डायोड उलटा बसला होता आणि शून्याचं बटण एकदा दाबलं की थांबायचं नाव घेत नव्हतं. एका परदेशी म्हाताऱ्याचा ताप बघता बघता काही लाखांवर गेला. माधवीने तो वेळीच खाली आणला. युवराजने तार उकलली, डायोड फिरवला, पुन्हा जोडला. आणि त्यानंतर तो कीबोर्ड चालला. अगदी खरंच चालला.

हे सांगायलाच हवं, नाहीतर युवराजवर अन्याय होईल. माधवीने तळवे त्या दोन फळ्यांवर ठेवले तेव्हा तिचे खांदे आपोआप खाली आले. बोटं जिथं पडत होती तिथं बटण होतं. मनगट वाकत नव्हतं. तासभर टाइप करून झाल्यावर तिने हात उचलला आणि कळेची वाट पाहिली, ती आली नाही. तिचे डोळे भरून आले. ती बाहेर येऊन युवराजला म्हणाली, "लई बेस झालाय वो." युवराजच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आठवडाभराने ती त्याला पुन्हा म्हणाली, "आता टाइप करताना दुखत न्हाय. भाकरी थापताना दुखतंय, आणि धुणं पिळताना. सकाळी तर बोटं वळतच न्हाईत."

"म्हंजे कीबोर्डाचा प्रॉब्लेम नव्हे," युवराज म्हणाला. त्याच्या आवाजात समाधान होतं.

त्याने व्हिडिओ केला. 'बायकोच्या मनगटासाठी' असं त्याला नाव दिलं आणि मोबाइलवर सोडून दिला. तो निपाणीपर्यंत गेला, कोल्हापूरपर्यंत गेला. अनोळखी बायकांनी खाली लिहिलं, की असा नवरा मिळायला भाग्य लागतं. माधवीच्या माहेरच्या माणसांनी फोन करून तिला तेच सांगितलं. मग आण्णाप्पा कसे स्वस्थ बसतील? त्यांनी सत्कार ठरवला. दिवसही असा नेमका निवडला की बोलायची सोय नाही. खंडेनवमी, म्हणजे अवजारांच्या पूजेचा दिवस.

खंडेनवमीला बाळाबाईंच्या घरात पूजा होते ती सगळ्या गल्लीत नावाजलेली. दारात ट्रॅक्टर धुऊन, झेंडूच्या माळा घालून उभा. सोप्यात सारवल्यासारखी लख्ख पुसलेली जमीन, तिच्यावर रांगोळी, आणि रांगोळीवर कुदळ, फावडं, खुरपी, विळे, कोयता, युवराजचे पाने, टेस्टर, सोल्डरिंगची बंदूक. यंदा मधोमध पाट मांडला होता आणि पाटावर कीबोर्डाच्या दोन फळ्या. नैवेद्यापुरत्या पाच पोळ्या माधवीने पहाटेच लाटल्या होत्या आणि त्या पाचांनीच तिचा अंगठा बधिर करून टाकला होता. बाळाबाईंनी कोऱ्या बटणांवर हळदीकुंकवाची बोटं लावली. पांढऱ्या बटणांवर ती खुलून दिसली. ऊद फिरवला, चुरमुरे-फुटाण्यांचा प्रसाद ठेवला, सगळ्यांनी हात जोडले.

पूजा झाली तशी माधवी म्हणाली, "आत्या, कीबोर्ड घेऊ का? सकाळच्या फायली आल्यात."

बाळाबाई अशा काही वळल्या, की जणू तिने देवीचं मंगळसूत्र मागितलं. "पुजलेलं हत्यार उद्या सकाळच्याला उठवल्याबिगर हलवायचं न्हाय. एवढं बी ठावं न्हाय व्हय? वरीसभर राबतंय ते. त्येला एक दिवस इसावा नको?"

जोतिबांनी लगेच पुरवणी जोडली. त्यांच्या चुलत्याने एका खंडेनवमीला पुजलेला कोयता उसाला लावला होता, तर त्याच संध्याकाळी पायाचं बोट गेलं. बोट कुठल्या पायाचं हे दरवर्षी बदलायचं, पण जायचं हे नक्की.

माधवीने कंपनीला कळवून टाकलं, आज सण आहे, आज काम नाही. असं तिने आजवर कधी केलं नव्हतं. मोबाइल ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं, की डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती ती हीच. एक अख्खा दिवस. तिने दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत बसली. तिला खरंच आनंद झाला.

तो आनंद युवराज सोप्यातून आत येईपर्यंत टिकला.

"दुपारी आण्णाप्पा येणार हाईत. मंडळाची पोरं, दोन-चार पाव्हणे, फोटोवाला. पंचवीस-तीस पानं धर," तो म्हणाला. "पुरण तर शिजवलेलंच हाय. पोळ्या तेवढ्या लाटायच्या. मी सगळ्यांना सांगून बसलोय, पोळ्या माधवीच्या हातच्या म्हणून."

"माझं मनगट आज लई धरलंय," माधवी म्हणाली. "आत्यांच्या बी हातात आता दम न्हाय. बाहेरनं मागवा की."

युवराजने तिच्याकडे प्रेमाने पाहिलं. त्याला तिचं म्हणणं कळलं नाही असं नव्हे. त्याने त्याच्यावर विचारही केला. "अगं, आज टाइपिंग कुठं हाय?" तो म्हणाला. "हात मोकळाच हाय की तुझा." आणि तो बाहेर ट्रॅक्टरजवळ खुर्च्या मांडायला गेला.

माधवी उभी राहिली. तिला रडू आलं नाही, याचं तिलाच नवल वाटलं. बाळाबाई मंदिरात ओटी भरायला गेल्या होत्या, जोतिबा पारावर होते. तिने परात घेतली, घासली, कोरडी पुसली. मग पोळपाट आणि लाटणं. मग तवा, उलथनं आणि काठवट. पाटा तिला उचलवेना, म्हणून वरवंटा तेवढा घेतला. धुणं बडवायचं धोपाटणं घेतलं. हे सगळं तिने दोन फेऱ्यांत सोप्यात नेलं, कोयत्याच्या शेजारी जागा करून ओळीने मांडलं, प्रत्येकाला हळदकुंकू लावलं, प्रत्येकावर एकेक झेंडू ठेवला, उदबत्ती ओवाळली आणि हात जोडले. मग भिंतीला टेकून बसली.

बाळाबाई आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

"ह्ये काय मांडलंयस?"

"माझी हत्यारं, आत्या. राह्यली हुती पुजायची."

"परात-पोळपाट कुठं हत्यार असतंय?"

"मग काय असतंय?" माधवीने विचारलं. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, तिला खरोखरच विचारायचं होतं. "दोन टाइम राबत्यात. वरीसभर. खुरप्याला सुट्टी हाय तर ह्यांना नको?"

बाळाबाईंनी परातीकडे हात नेला आणि कुंकवाचं बोट पाहून तो मागं घेतला. त्यांच्या मागोमाग आलेल्या जोतिबांनी परातीवरचा झेंडू पाहिला, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "पुजलंय म्हंजे आता हलवायचं न्हाय." चुलत्याच्या बोटाचं त्यांनी इतकी वर्षं इतक्या वेळा सांगितलं होतं, की त्यांना आता दुसरं काही बोलताच येईना.

युवराजच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोवर ओरडावं तर सत्कार तासाभरावर आलेला, आणि सत्कार कशाबद्दल ते सगळ्या गावाला माहीत. त्याने मोबाइल काढून सुळग्याच्या खानावळीला फोन लावला. खानावळवाल्याने त्याला वेड्यात काढलं. आज खंडेनवमी, तवा पूजेत आहे, शेगडी पूजेत आहे, तू कुठल्या गावचा आहेस? बेळगावच्या रस्त्यावरच्या आणखी दोघांनी तेच सांगितलं.

तेव्हा पाहुणे आले आणि त्यांना चुरमुरे मिळाले. पुरण होतंच, ते वाटीत घालून दिलं. पुरण आणि चुरमुरे हा पदार्थ कुणी आधी खाल्लेला नव्हता, पण सत्काराला आलेला माणूस कशालाही नाही म्हणत नाही. फोटोवाल्याने कीबोर्डाचे फोटो काढले. त्यात कडेला पोळपाट येत होता, म्हणून तो तिरका होऊन काढत होता.

आण्णाप्पांनी युवराजला शाल घातली आणि ते बोलायला उभे राहिले. "ह्या कीबोर्डाचे दोन भाग हाईत," ते म्हणाले, "पर ते तारेनं जोडलेले हाईत. आपला सीमाभाग बी तसाच. तुटलाय, पर तार शाबूत हाय." टाळ्या पडल्या. तारेत वीज कुठून येते हा मुद्दा त्यांनी घेतला नाही. मग ते विषयावर आले. "बाईच्या मनगटाचं दुखणं आजवर कुणी वळखलं? आमी वळखलं न्हाय, खरं सांगतो. ह्या पोरानं वळखलं. आणि त्येला असं घडवलं ते ह्या माउलीनं." त्यांनी बाळाबाईंकडे हात केला. पुन्हा टाळ्या.

बाळाबाई भिंतीपाशी माधवीच्या शेजारी बसल्या होत्या. स्वयंपाक नाही, भांडी नाहीत, उठायला निमित्त नाही. हात कुठे ठेवावेत हे त्यांना सुचत नव्हतं. आधी त्यांनी ते पदराखाली घेतले, मग बाहेर काढले, मग मांडीवर ठेवले. उजव्या मनगटावर सुपारीएवढा टेंगूळ आला होता. तो केव्हाचा होता कुणास ठाऊक. माधवी त्याच्याकडे पाहत राहिली आणि आण्णाप्पांचं पुढचं भाषण तिला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या सकाळी हत्यारं उठवायची होती. अक्षता टाकल्या. ज्याचं हत्यार त्याने उचलायचं, असा रिवाज. जोतिबांनी कोयता उचलला, कुदळ उचलली. युवराजने पाने घेतले. माधवीने कीबोर्ड उचलला, ओल्या फडक्याने बटणं पुसली आणि मधल्या खोलीत नेऊन ठेवला. रांगोळीवर परात, पोळपाट, तवा आणि बाकीची मंडळी तशीच राहिली. सगळ्यांच्या पोटात कालपासून चुरमुरे होते.

"परात कुणी तरी उचला की," जोतिबा म्हणाले.

बाळाबाईंचा हात सवयीने पुढे गेला. माधवीने ते खोलीच्या दारातून पाहिलं आणि तिचा जीव वर-खाली झाला, कारण सासूने उचलली तर तिलाही जावंच लागणार होतं. पण बाळाबाई थांबल्या. त्यांनी युवराजकडे पाहिलं.

"तू उचल," त्या म्हणाल्या.

"मी? माझी कुठं हाय ती?"

"बायकांच्या मनगटाचं तुला कळतंय म्हणून काल शाल पांघरलीयास. मग उचल. मी सांगते, तसं थापायचं."

युवराजने बापाकडे पाहिलं. जोतिबा कोयत्याची धार बोटाने तपासत होते, आजवर इतकी बारकाईने त्यांनी ती कधी तपासली नव्हती. शेवटी युवराजने परात उचलली.

माधवी खुर्चीवर बसली, हेडफोन हातात घेतला, पण कानाला लावला नाही. स्वयंपाकघरातून पीठ सांडल्याचा आवाज आला, तेव्हा ती अर्धी उठली आणि पुन्हा बसली. मग थापण्याचा आवाज येऊ लागला, आधी अडखळत, मग जरा लयीत. पहिली भाकरी फाटली. दुसरी करपली. पाचव्या-सहाव्या भाकरीनंतर युवराज हात झटकत बाहेर आला.

"आये, मनगटातनं कळ निघालीया," तो म्हणाला. "पार कोपरापतोर."

"मुंग्या आल्यासारखं हुतंय?" बाळाबाईंनी विचारलं.

"व्हय."

"आणि सकाळच्याला बोटं वळत न्हाईत, मूठ धरवत न्हाय, तसं?"

युवराज अजून तिथपर्यंत पोचला नव्हता. मधल्या खोलीच्या दारातून माधवी म्हणाली, "व्हय आत्या. तसंच."

बाळाबाईंनी आपलं उजवं मनगट डाव्या हातात धरलं आणि टेंगळावरून अंगठा फिरवला.

"ह्येलाच दुखणं म्हणत्यात व्हय?" त्या म्हणाल्या. "मला वाटलेलं, बाईचं मनगट असंच असतंय."